वर्षातला बेस्ट खेळाडू कोण ठरणार? अंदाज लावताना या चुका टाळा

2024 चा सीझन संपला तेव्हा मी मित्रांमध्ये छातीठोकपणे सांगून बसलो होतो की वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सचा अ‍ॅथलीट ऑफ द इयर स्वीडनचा डुप्लांटिसच. एका वर्षात पोल व्हॉल्टचा वर्ल्ड रेकॉर्ड तीनदा मोडलाय पठ्ठ्याने, 6.24 मीटर, मग पॅरिसला ऑलिंपिक गोल्डसोबत 6.25, आणि तीन आठवड्यांच्या आत परत 6.26, अजून काय पाहिजे? आणि ओव्हरऑल अवॉर्ड गेलं बोत्स्वानाच्या लेत्सिले तेबोगोला, 200 मीटरचं गोल्ड, 19.46 सेकंद, देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक गोल्ड. डुप्लांटिसला फील्ड, म्हणजे उड्या-फेकीच्या, गटाचं मिळालं. पण खरी गंमत पुढे आहे, काही महिन्यांनी लॉरियसचं, म्हणजे सगळ्या खेळांचं मिळून दिलं जाणारं, अवॉर्ड जाहीर झालं, त्याच 2024 च्या कामगिरीवर, आणि तिथे स्पोर्ट्समन ऑफ द इयर कोण, तर डुप्लांटिस! म्हणजे खेळाडू तोच, वर्ष तेच, उड्या त्याच, फक्त मत देणारे वेगळे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपण इतकी वर्षं चुकीच्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो.

मत कोण देतं हेच न बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या बऱ्याचशा यातूनच निघतात. ‘बेस्ट कोण’ यावर आपण तासन् तास भांडतो, पण अंदाज लावायचा असतो तो ‘ही ठराविक माणसं कोणाला मत देतील’ याचा. लॉरियसमध्ये नॉमिनी मीडियावाले निवडतात आणि विजेता ठरवते माजी दिग्गज खेळाडूंची अकॅडमी. आता ज्याने स्वतः रेकॉर्ड मोडलेत त्याला रेकॉर्डची किंमत वेगळी कळते, हे माझं मत, पण मला पटतं. बॅलन डी’ऑर, म्हणजे फुटबॉलमधला वर्षातला बेस्ट खेळाडू, त्यामध्ये पुरुषांच्या अवॉर्डला फिफा रँकिंगमधल्या पहिल्या 100 देशांचे पत्रकार मत देतात, देशाला एक. आणि बीबीसीचं स्पोर्ट्स पर्सनॅलिटी ऑफ द इयर आहे तिथे शॉर्टलिस्ट पॅनल काढतं पण शेवटचं बटण पब्लिक दाबते. 2009 ला जेन्सन बटन फॉर्म्युला वनचा वर्ल्ड चॅम्पियन झाला होता तरी जिंकला 36 वर्षांचा फुटबॉलपटू रायन गिग्ज. त्या एका वर्षाचा हिशोब मांडला तर डोकं खाजवत बसाल, पण लोकांनी मत दिलं ते अख्ख्या करिअरला, प्रेमाला. पब्लिक व्होट असेल तर एक्सेलची शीट बंद करा सरळ.

आणि एकाच अवॉर्डचे मतदार पण बदलतात मध्ये. 2010 ला नेदरलँड्सच्या स्नायडरने इंटर मिलान क्लबसोबत तीन ट्रॉफ्या जिंकल्या, नेदरलँड्स वर्ल्ड कप फायनलला पोचली, आणि हा बॅलन डी’ऑरला चौथा! कारण त्याच वर्षीपासून पत्रकारांसोबत राष्ट्रीय टीमचे कॅप्टन आणि कोच पण मत द्यायला लागले होते. नुसत्या पत्रकारांची मतं मोजली असती तर तोच जिंकला असता. ज्यांनी मागच्या वर्षांचे विजेते बघून पॅटर्न काढला ते आपटले, कारण पॅटर्न जुन्या मतदारांचा होता.

कुठून कुठपर्यंतचा खेळ धरतात ते न तपासणं

‘वर्ष’ म्हटलं की आपण जानेवारी ते डिसेंबर धरून मोकळे होतो. बॅलन डी’ऑर 2022 पासून सीझनवर आहे, ऑगस्ट ते जुलै. 2024 च्या सोहळ्याच्या आधी, ऑक्टोबरच्या 22 तारखेला रियाल माद्रिदच्या विनिशियसने डॉर्टमुंडविरुद्ध हॅटट्रिक मारली आणि सगळीकडे ‘झालं, फिक्स’ सुरू झालं. अरे पण ती मॅच धरायचीच नव्हती! उलट मँचेस्टर सिटीचा रोद्री सप्टेंबरमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसला म्हणून लोकांनी त्याला यादीतून काढून टाकलं होतं, ते पण चूक, कारण त्याचं स्पेनसोबत युरो जुलैतच जिंकून झालं होतं. 28 ऑक्टोबरला रोद्री जिंकला.

मात्र नियमात नसलं तरी माणसाच्या डोक्यातून ताजी गोष्ट जात नाही, त्यामुळे मतदानाची शेवटची तारीख वेगळी बघून ठेवायची. 2013 मध्ये बॅलन डी’ऑरची ती तारीखच 15 नोव्हेंबरवरून 29 नोव्हेंबरला ढकलली, आणि मधे 19 तारखेला रोनाल्डोने स्वीडनला हॅटट्रिक ठोकून पोर्तुगालला वर्ल्ड कपला नेलं. बायर्न म्युनिक क्लबसोबत सगळं जिंकलेला रिबेरी तिसरा राहिला. त्या एका हॅटट्रिकनेच सगळं फिरलं असं मी म्हणणार नाही, पण रिबेरीवर पैज लावलेल्यांना त्या दोन आठवड्यांत घाम फुटला असणार एवढं नक्की.

आकड्यांच्या प्रेमात पडणं

आपली क्रिकेटवाल्यांची खास चूक. 2023 ला कोहलीच्या वर्ल्ड कपमध्ये 765 धावा, प्लेअर ऑफ द टूर्नामेंट, मग आयसीसीची सोबर्स ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या बेस्ट क्रिकेटरचं अवॉर्ड, कोणाला? सगळे म्हणाले कोहली. मिळाली ऑस्ट्रेलियाच्या कमिन्सला. आकड्यांत कोहलीच्या आसपास पण नव्हता तो, पण कॅप्टन म्हणून त्या वर्षी टेस्ट चॅम्पियनशिप फायनल जिंकली, अ‍ॅशेस राखली, वर्ल्ड कप उचलला. एका वाक्यात सांगता येईल अशी स्टोरी होती त्याच्याकडे. कोहलीला वनडेचं वेगळं अवॉर्ड मिळालं. म्हणून जिथे गटवार अवॉर्ड्स असतात तिथे मतदार म्हणू शकतो की याला ते देऊ, मोठं दुसऱ्याला देऊ. पण हा पण काही पक्का फॉर्म्युला नाही हां, 2024 ला बुमराने टेस्टचं आणि सोबर्स ट्रॉफी दोन्ही नेली. 71 टेस्ट विकेट्स, सरासरी 15 च्या आत आणि वर टी-20 वर्ल्ड कप, तिथे वाटून द्यायला दुसरं नावच उरत नाही.

‘याला आता खूप वेळा मिळालंय, यावेळी नाही देणार’ हा तर्क पण जपून वापरा. धावपटू बोल्टला अ‍ॅथलीट ऑफ द इयर सहा वेळा मिळालं, मेस्सीला बॅलन डी’ऑर आठ वेळा. समोरचा दावेदार तोलामोलाचा असेल तरच कंटाळा कामाला येतो.

लाइक्स म्हणजे मतं समजणं

इथे थोडा घोळ आहे. बहुतेक अवॉर्ड्समध्ये सोशल मीडियावरच्या गदारोळाचा मतपेटीशी संबंध नसतो. पण वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्समध्ये नॉमिनीमधून फायनलिस्ट निवडताना लाइक खरंच मत म्हणून मोजलंय, फक्त त्याचं वजन 25 टक्के, कौन्सिलचं 50 आणि अ‍ॅथलेटिक्स परिवाराचं, म्हणजे या खेळाशी जोडलेल्या मंडळींचं, 25. म्हणजे तुमच्या हिरोला लाखो लाइक्स पडले तरी कौन्सिलची मतं दुसरीकडे गेली की आटोपलं.

फक्त पहिल्या नंबरचा विचार

जिथे पॉइंट्सने मोजतात तिथे दुसरा-तिसरा-पाचवा नंबर पण निकाल फिरवतो. बॅलन डी’ऑरला 2024 मध्ये पत्रकार दहा नावं लिहीत होते, पहिल्याला 15, दुसऱ्याला 12, तिसऱ्याला 10 असं खाली खाली. रोद्री 1170, विनिशियस 1129, फरक फक्त 41. आणि तिसरा बेलिंगहॅम 917, चौथा कार्वाहाल 550, हे दोघं पण रियाल माद्रिदचेच. एकाच टीमचे तिघं वर असले की एकमेकांची मतं खातात, रोद्रीच्या सिटीतून तेवढा तगडा दावेदार दुसरा नव्हता. त्यामुळे आपल्या खेळाडूचा क्लबमित्र पण यादीत आहे का ते आधी बघायचं, मी तर आता टक्का थोडा कमीच करतो अशा वेळी.

अंदाज चुकला तर

‘लॉबी आहे सगळी’ म्हणून सोडून देऊ नका, तसं केलं की पुढच्या वर्षी तीच चूक. मतदार ओळखण्यात चुकलो, की तारखा चुकल्या, की आपला लाडका खेळाडू होता म्हणून डोळ्यावर पट्टी होती, यातलं नेमकं काय झालं ते बघा. माझं निम्म्या वेळा तिसरं निघतं, खोटं कशाला बोलू. आणि हे तपासायचं तर अंदाज आधी लिहिलेला पाहिजे, तोही नुसतं नाव नाही, टक्क्यांत. नॉमिनेशन यायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. डुप्लांटिसला मी तेव्हा मनात शंभर टक्के धरलं होतं. लिहिताना हात थांबला असता आणि सत्तरच लिहिले असते, आणि उरलेले तीस कोणाचे हे शोधताना तेबोगो तिथेच सापडला असता.