काळ-कामाची गणितं: या चुका टाळा

अ एक काम १२ दिवसांत करतो, ब तेच काम ६ दिवसांत करतो. दोघं मिळून किती दिवसांत करतील? कुणी बेरीज करून १८ लिहितं, कुणी सरासरी काढून ९. अहो, ब एकटाच सहा दिवसांत काम उरकतोय. मदतीला माणूस आल्यावर त्याला अठरा दिवस लागणार असतील, तर अ काय केलेलं काम उसवत बसलाय?

बेरीज दिवसांची होत नाही, एका दिवसाच्या कामाची होते. १/१२ + १/६ = १/४. हे झालं दोघांचं एका दिवसाचं काम, उत्तर नव्हे. ते उलटं केलं की ४ दिवस. घाईत हे उलटं करायचंच राहून जातं. पडताळ्यासाठी एक मोजपट्टी कायम हाताशी ठेवा: दोघांना मिळून लागणारा वेळ हा जलद माणसाच्या वेळेच्या निम्मा आणि संथ माणसाच्या वेळेच्या निम्मा यांच्या दरम्यानच येतो. इथे ३ आणि ६ च्या मधे. बरेच चुकीचे पर्याय एवढ्यावरच गळतात.

अपूर्णांक नको वाटत असतील तर दिवसांचा ल.सा.वि. हेच एकूण काम धरा. मलाही हीच पद्धत आवडते. फक्त मधेच गाडी बदलू नका. एकूण काम ६० धरायचं आणि उरलेलं काम काढताना सवयीने १ मधून वजा करायचं, ही खिचडी वह्यांमध्ये फार दिसते.

पुढची चूक गणिताची नाहीच, वाचनाची आहे. अ ला २० दिवस लागतात, ब ला ३०. काम ६० धरलं तर अ रोज ३ भाग करतो, ब २. आता ही दोन वाक्यं बघा: 'अ ने ५ दिवसांनी काम सोडले' आणि 'अ ने काम संपण्याच्या ५ दिवस आधी काम सोडले'. पहिल्यात दोघांनी मिळून २५ भाग केले, उरलेले ३५ ब ने साडेसतरा दिवसांत केले. एकूण साडेबावीस दिवस. दुसऱ्यात शेवटचे ५ दिवस ब एकटा आहे, म्हणजे १० भाग त्याचे. उरलेले ५० दोघांनी रोज ५ प्रमाणे १० दिवसांत केले; एकूण १५ दिवस. आकडे तेच, उत्तरांत साडेसात दिवसांचा फरक. 'आधी' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि असं गणित शेवटाकडून सोडवा.

सगळ्यात फसवा प्रकार एकाआड एक दिवसाचा. अ ला ९ दिवस, ब ला १२. सुरुवात अ करतो आणि दोघं आळीपाळीने काम करतात. काम ३६ भाग, अ चे रोज ४, ब चे ३, म्हणजे दोन दिवसांच्या जोडीत ७. इथवर सगळे बरोबर येतात. मग हुशार मुलं ३६ ला ७ ने भागतात, २ ने गुणतात आणि १० पूर्णांक २/७ लिहून मोकळी होतात. इथे भागाकार पूर्ण जोड्यांपुरताच करायचा असतो. ५ जोड्या, १० दिवस, ३५ भाग, उरला १. अकराव्या दिवशी पाळी अ ची आणि तो रोज ४ भाग करतो, म्हणून पाव दिवस. उत्तर सव्वादहा दिवस. सुरुवात ब ने केली असती तर तोच एक भाग ब च्या वाट्याला येऊन १० पूर्णांक १/३ दिवस लागले असते. १० पूर्णांक २/७ हे या दोन्हींच्या मधलं उत्तर, म्हणून ते खरं वाटतं. सुरुवात कोणी केली हे प्रश्नात उगीच दिलेलं नसतं.

टक्केवारी आली की वेगळाच गोंधळ. ब ला २० दिवस लागतात आणि अ त्याच्यापेक्षा २५ टक्के अधिक कार्यक्षम आहे, तर अ ला १५ दिवस लागत नाहीत. कामाचं प्रमाण ५:४, म्हणून वेळेचं ४:५. अ ला १६ दिवस.

जोड्यांच्या गणितात (अ-ब १० दिवस, ब-क १२, क-अ १५) बेरजेत प्रत्येक माणूस दोनदा येतो. २ ने भागायला विसरलात तर तिघांना मिळून लागणारे दिवस ८ च्या जागी ४ येतील.

नळ-टाकीतही नियम तेच, फक्त रिकामा करणारा नळ वजा करायचा. नळाने टाकी ६ तासांत भरते आणि गळतीमुळे ८ तास लागतात, तर गळतीमुळे भरलेली टाकी २ तासांत रिकामी होत नाही; १/६ − १/८ = १/२४, म्हणजे २४ तास लागतात. आणि भरणारे दोन नळ ६ व ८ तासांचे, रिकामा करणारा १२ तासांचा असेल तर टाकी २४ भागांची, तासाला ४ + ३ − २ = ५ भाग, म्हणून ४.८ तास. हे ४ तास ८ मिनिटं नव्हे. दशांशातले ०.८ घ्या, ६० ने गुणा: ४ तास ४८ मिनिटं.