मशीन वाहण्यासाठी जुना ट्रक: बघायला निघण्याआधी आणि इसार देण्याआधी

पहिलं काम घरचं आहे, बाजारातलं नाही. आपलं मशीन वजनकाट्यावर न्या आणि पावती खिशात ठेवा. कंपनीच्या पत्रकावर आठ टन लिहिलेलं पोकलेन ब्रेकर (खडक फोडायचा हातोडा) लावल्यावर, टाकी भरल्यावर आणि जादा बकेट सोबत घेतल्यावर आठ टनांचं राहत नाही. मग टेपने उंची मोजा, बूम दुमडून, केबिनचं छत किंवा बूम, जे उंच असेल तिथपर्यंत. हे दोन आकडे हातात नसताना ट्रक बघायला जाणं म्हणजे बैलाचं माप न घेता जू विकत आणणं.

आता गणित. २०१८ च्या आधी नोंदलेल्या दोन एक्सलच्या बहुतेक मोठ्या ट्रकांच्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, १६.२ टन असतं. त्या वर्षी एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढली आणि नव्या गाड्यांना १८.५ टन मिळाले. जाड पत्र्याचा हौदा बांधलेली १६.२ टनांची रिकामी गाडी सहा टनांच्या आसपास भरते, म्हणजे हातात उरतात दहा. आठ टनांचं पोकलेन, ब्रेकर, डिझेलचं बॅरल आणि दोन माणसं त्यात बसतात. अकरा टनांचा रोलर बसत नाही, आणि २०-२१ टनांच्या मोठ्या पोकलेनचा तर इथे विचारही नको, त्याला लो-बेड, म्हणजे बुटक्या तळाचा ट्रेलरच लागतो. टाटा १६१३ सारख्या नावातच गाडीची जात कळते: पहिले दोन आकडे साधारण टनांचे, पुढचे दोन साधारण ताकदीचे, म्हणजे १३० हॉर्सपॉवरच्या आसपास. अकरा-बारा टनांची गाडी स्वस्त दिसते, पण आठ टनांच्या मशीनला ती कधीच पुरत नाही. ‘चालवून घेऊ’ म्हणून ती घेऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे.

उंचीचं गणित लोक सगळ्यात जास्त विसरतात. मालवाहू गाडीला चार मीटरची मर्यादा आहे. हौद्याचा तळ जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, त्यावर आठ टनी पोकलेनचे अडीच-पावणेतीन मीटर, म्हणजे जेमतेम बसलं. जेसीबी मात्र मागचा बूम दुमडूनही साडेतीन मीटरच्या आसपास जातं. ते या ट्रकवर चढवलं की नियम मोडतोच, आणि आपल्याकडे गावात शिरताना लोंबणाऱ्या तारा त्याहून वाईट. जेसीबी स्वतःच्या चाकांवर किंवा लो-बेडवर न्यावं.

ट्रक बघायला जाताना सोबत काय घ्यायचं? चांगली बॅटरी (टॉर्च), तारेचा ब्रश, टेप, छोटं लोहचुंबक, खडू, अंगावर जुने कपडे, आणि आपला मिस्त्री. विकणाऱ्याचा नाही, दलालाने सुचवलेलाही नाही. मिस्त्रीची दिवसाची मजुरी आधी देऊन टाका, म्हणजे सौदा मोडला तरी त्याचं काही अडत नाही आणि तो खरं बोलतो. वेळ सकाळची ठरवा आणि ठरल्यापेक्षा तासभर आधी पोहोचा. इंजिनला हात लावून बघा. गरम असेल तर तुमच्या आधी कोणीतरी ते चालू करून ठेवलंय. थंड इंजिन किती वेळात धरतं आणि पहिला धूर कोणता निघतो, ते दिवसातून एकदाच बघायला मिळतं. निळा धूर टिकून राहिला तर ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. वाफेसारखा झोत जोराने बाहेर येत असेल तर पिस्टन-रिंगचं काम जवळ आलेलं आहे.

पण इंजिन दुरुस्त होतं. माझं सगळं सांगणं चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर आहे. चेसिस गेली की गाडी गेली.

माझा पहिला ट्रक मी रंग बघून घेतला. शेततळ्यांची कामं जोरात होती, घाई होती, आणि खाली सगळं काळंभोर, नवं रंगवलेलं होतं. तीन महिन्यांनी घनसावंगीकडे पोकलेन घेऊन जाताना एका खड्ड्यात मोठा आवाज झाला आणि हौदा एका बाजूला कलला. मागच्या पाट्याचं (स्प्रिंगचं) पुढचं ब्रॅकेट जिथे चेसिसला बसतं तिथे जुनी चीर होती. तिच्यावर वेल्डिंग, वेल्डिंगवर पट्टी आणि पट्टीवर रंग. मशीन सुदैवाने साखळ्यांनी धरून ठेवलं. दोन रात्री मी आणि ऑपरेटर रस्त्याच्या कडेला झोपलो. तेव्हापासून मी ट्रकखाली आधी जातो, केबिनमध्ये नंतर.

तेव्हा खाली जा आणि चेसिसच्या दोन्ही लांब रेल्स पुढून मागे हाताने चाचपा. नवा काळा रंग दिसला की तिथे तारेचा ब्रश मारा. मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ, केबिनच्या लगेच मागे आणि आडव्या पट्ट्यांच्या जोडांवर चिरा पडतात. कारखान्यातून रिव्हेट आलेल्या जागी बोल्ट दिसला तर का, ते विचारा. रेलच्या वरच्या किंवा खालच्या काठावर वेल्डिंग किंवा भोक दिसलं तर मी तिथेच थांबतो, कारण सगळा ताण त्या काठांवर येतो. मागून पाच-सहा पावलं लांब उभं राहून गाडी सरळ बसली आहे का बघा. दोन्ही बाजूंचं हौद्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. चेसिस नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवा. आकडे खोलगट, घासलेले किंवा आजूबाजूचा पत्रा वेगळा वाटला तर परत फिरा.

गाडीने आधी काय वाहिलं हेही विचारा, कारण आपल्या मराठवाड्यात ते चेसिसवर लिहिलेलं असतं. जालन्याच्या रोलिंग मिलमधून सळई वाहिलेली गाडी, उसाच्या हंगामात कारखान्यावर धावलेली गाडी आणि गोदावरीच्या पात्रातून वाळू काढलेली गाडी, या तिन्ही बहुतेक कागदावरच्या वजनापेक्षा जास्त ओढलेल्या असतात. लातूरच्या डाळ मिलसाठी किंवा आडतीवर पोती वाहिलेली गाडी मला त्यामानाने बरी वाटते. वाळूच्या गाडीला आणखी एक धोका आहे. अवैध वाहतुकीत पकडलेली गाडी बंधपत्रावर सुटलेली असते आणि दंडाचं प्रकरण तहसीलमध्ये तसंच पडून असतं. गाडी ज्या तालुक्यात चालली तिथे जाऊन चौकशी करा.

बाकीचं भराभर. पाट्यांत तुटलेलं पान आणि हललेला सेंटर बोल्ट बघा. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ) सैल असेल तर लगेच कळतं. टायरवर शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मागच्या जोडीत एक टायर नवा आणि एक गुळगुळीत असेल तर सगळं वजन नव्यावर येतं. रिमोल्ड (नवं रबर चढवलेला जुना) टायर पुढे नकोच. ब्रेकची हवा पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं हवेच्या काट्याकडे बघत बसा. काटा सरकला तर हवा गळतेय. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो, म्हणून रेडिएटरच्या जाळीत बॅटरी मारून बघा.

धुराच्या जुन्या नियमांची बीएस-३ गाडी गावातला मिस्त्री उघडू शकतो. बीएस-६ गाड्या १ एप्रिल २०२० पासूनच्या. त्यांना बहुधा युरियाचं द्रावण लागतं आणि बिघाड स्कॅनरशिवाय सापडत नाही. आपलं काम हिंगोलीच्या आडगावात असेल तर हा फरक पैशांपेक्षा मोठा आहे.

हौदा पोत्यांचा असतो, मशीनचा नसतो. पोतं सगळीकडे सारखं बसतं, पोकलेनचं वजन दोन पट्ट्यांवर येतं. तळाखालच्या आडव्या पट्ट्या मोजा, चेकर प्लेटची जाडी कडेला बघा, आणि बांधायला मजबूत कड्या नसतील तर त्यांचा खर्च किमतीत धरा. लोखंडी पट्टे पत्र्यावर घसरतात. खाली लाकडी फळ्या किंवा जुन्या टायरचे तुकडे हवेत. मशीन चारही कोपऱ्यांना साखळीने बांधावं, नुसत्या हँडब्रेकवर सोडू नये. चढवताना मुरमाच्या ढिगाला किंवा बांधाला फाळका लावण्याची आपली पद्धत चालते, पण काळ्या मातीत पाऊस झाल्यावर बांध बसतो आणि मागची जोडी रुतते. रॅम्प बरोबर ठेवलेला बरा.

चालवून बघणं भरलेल्या गाडीनेच. विकणाऱ्याला सांगा, कुठूनही सात-आठ टन खडी भरू, खर्च माझा. बीडच्या बाजूला असाल तर मांजरसुंब्याचा घाट आहेच: चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये लिव्हर निसटतो का, उतरताना गिअरमध्येच ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागच्या एक्सलमधून क्राऊन-पिनियनची (गिअरच्या जोडीची) घरघर येते का. उतरल्यावर चारही ड्रमजवळ हात न्या, एकच ड्रम जास्त तापला असेल तर ते काम ठरलेलं. मग रिकामी गाडी काट्यावर घाला आणि आरसीवरच्या रिकाम्या वजनाशी ताडा. टनभर फरक निघाला तर हौदा बदलला आहे आणि नोंद केलेली नाही. तो एक टन तुमच्या मशीनच्या वाट्यातून जाणार.

इसार देण्याआधी कागद. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून फिटनेस, टॅक्स, विमा, ई-चलन आणि कर्जाचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी लागतं. पंधरा वर्षं ओलांडलेल्या गाडीची फी १ एप्रिल २०२२ पासून कितीतरी पटींनी वाढलेली आहे. देगलूरहून तेलंगणात किंवा उदगीरहून बिदरला काम करणाऱ्यांनी वय नीट मोजावं: दोन एक्सलच्या गाडीला बारा वर्षांनंतर नॅशनल परमिट (राज्याबाहेर माल वाहायचा परवाना) मिळत नाही. दहा वर्षांची गाडी घेतली तर सीमेपलीकडचे दोनच हंगाम हातात उरतात. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या आणि जुना फास्टॅग बंद झाल्याची खात्री करा.

पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी त्याच रस्त्याने मोटारसायकलवर जाऊन या. सोबत साडेचार मीटर लांबीचा कोरडा बांबू ठेवा. तार लोंबते तिथे तो तारेपासून लांबच उभा धरून नजरेने उंची ताडा, तारेला लावू मात्र नका. जिथे शंका आली तिथे वीज वितरणच्या लाइनमनला आधी सांगून ठेवा.