व्होलाटाईल: मेमरीतलं वेगळं, सी मधलं वेगळं

जळगाव-धुळ्याकडच्या डिप्लोमाच्या पोरांना हा शब्द सगळीकडे भेटतो. ॲसिटोन व्होलाटाईल, म्हणजे उडून जाणारं. केळीचा भाव व्होलाटाईल, म्हणजे भराभर चढणारा-उतरणारा. नुसता पडणारा नव्हे, मुलाखतीत इथेच बरेच जण घसरतात. रॅम व्होलाटाईल, म्हणजे लाईट गेली की कोरी. एवढं पाठच असतं.

सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत मात्र त्याचा लाईट जाण्याशी काही संबंध नाही. तिथे तुम्ही कंपायलरला, म्हणजे कोड चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला, बजावता: ही किंमत तुझ्या नजरेआड बदलू शकते, दर वेळी मेमरीतून नव्याने वाच.

ठिबकच्या लाईनवर वायएफ-एस२०१ फ्लो सेन्सर आहे, लिटरला साधारण ४५० पल्स. पल्स आला की इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्येच धावणारा छोटा कोड) काउंटर वाढवतो, लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा मुख्य कोड) ४५० व्हायची वाट बघतो, मग व्हॉल्व्ह बंद. व्होलाटाईल विसरलात तर कंपायलर काउंटर एकदाच रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणात) उचलतो आणि लूप तोच शिळा आकडा बघत बसतो. पाणी वाहतच राहतं. लूपमध्ये सिरियल प्रिंट टाकलं की गाडी सुरू, काढलं की ठप्प. अशा वेळी ‘ऑप्टिमायझेशन (कंपायलरची कोड वेगवान करायची खटपट) बंद कर’ म्हणणाऱ्या सिनियरचं ऐकू नका. रोग तसाच राहतो.

आता खरा सापळा. हा कोड चालवणारा एटीमेगा ३२८पी मायक्रोकंट्रोलर आठ बिटचा, म्हणजे एका वेळी एकच बाइट हाताळणारा, काउंटर सोळा बिटचा, म्हणून तो दोन घासांत वाचला जातो. काउंटर २५५ असताना खालचा बाइट वाचला: २५५. तेवढ्यात पल्स आला, काउंटर २५६ झाला, वरचा बाइट १. वरच्या बाइटचा १ म्हणजे २५६, त्यात जुने २५५, हातात येतात ५११! ४५० च्या पुढे गेलं समजून व्हॉल्व्ह अर्ध्यातच बंद. व्होलाटाईल लिहूनही हे होतं. टेबलावर दिवसभर सापडणार नाही, शेतात एखाद्या दिवशी सापडेल. उपाय सोपा आहे, घाबरू नका: इंटरप्ट बंद करा, काउंटरची कॉपी घ्या, इंटरप्ट लगेच चालू करा, तुलना कॉपीशी करा. एका बाइटच्या फ्लॅगला (हो-नाही सांगणाऱ्या व्हेरिएबलला) हे लागत नाही, तो एकाच घासात वाचला जातो.

आणि भीतीपोटी प्रत्येक व्हेरिएबलला व्होलाटाईल चिकटवू नका, कोड उगाच फुगतो. इंटरप्ट आणि लूप दोघे वापरतात ते व्हेरिएबल आणि हार्डवेअरचे रजिस्टर, बस.

लोडशेडिंगमध्ये आकडा टिकवायचा तर ईईप्रॉम, म्हणजे लाईट गेली तरी न पुसली जाणारी मेमरी, आहेच. पण तिची एक जागा १ लाख वेळा लिहिण्यापुरती. प्रत्येक पल्सला लिहाल तर सव्वादोनशे लिटरच्या आतच तो कोटा संपला. दर १०० लिटरला एकदा लिहा. लाईट गेली तर फार तर तेवढाच हिशोब जातो.