खंड्याची आकडी आणि खारा बांगडा

मालवणात आमच्या खंड्या कुत्र्याला पहिली आकडी आली ती पहाटे, पडवीत. शेजारच्या काकी कांदा घेऊन धावल्या, कुणी चप्पल हुंगवायला सांगितलं. यातलं काही करू नका. तोंडात हात घालू नका, पाणी पाजू नका. कुत्रा जीभ गिळत नाही, तुमची बोटं मात्र चावतो. आजूबाजूचं सामान सरकवा आणि घड्याळ बघा. आकडी पाच मिनिटांवर गेली किंवा चोवीस तासांत पुन्हा आली, तर तडक डॉक्टर गाठा. मोबाइलवर व्हिडिओ काढा. आमच्या डॉक्टरांना माझ्या सांगण्यापेक्षा तोच कामी आला.

फेनोबार्बिटल हे आकडी आवरणारं औषध सुरू झालं, सकाळी सातला आणि रात्री सातला. पहिले दोन आठवडे खंड्या झिंगल्यासारखा चाले, घटाघटा पाणी पिई, भाकरीसाठी मागे मागे फिरे. झिंग उतरली, भूक राहिली. म्हणून वजनावर नजर ठेवा. औषधाची रक्तातली पातळी स्थिरावायला साधारण दोन आठवडे लागतात, मग ती तपासतात. पुढे दर सहा महिन्यांनी यकृतही.

चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यात माझ्याकडून तीन गोळ्या राहिल्या. ऋषिपंचमीला लागोपाठ दोन आकड्या आल्या. ते बघणं मला अजून सहन होत नाही. हे औषध अचानक तुटलं की आकडी जोरात उलटते, म्हणून 'आता बरा आहे' असं वाटलं तरी स्वतःहून बंद करू नका. गोळी राहिली तर आठवताच द्या, पण दोन एकदम नकोत.

नंतर पोटॅशियम ब्रोमाइड हे आकडीचं दुसरं औषध जोडलं, आणि इथे कोकणातल्या घरांनी सांभाळायला हवं. पोटात मीठ वाढलं की ब्रोमाइड लघवीवाटे लवकर बाहेर पडतं आणि पातळी उतरते. म्हणजे एक दिवस खारा बांगडा, दुसऱ्या दिवशी अळणी पेज, हे चालत नाही. खाणं रोज सारखंच हवं. किनाऱ्यावर नेलात तर समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका.

मांजराला ब्रोमाइड नाही, त्याने फुप्फुसं बिघडतात. आकडीवरच्या डायझेपामच्या गोळ्याही नकोत, काही मांजरांचं यकृत त्यात निकामी होतं. कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं गोचिडांचं औषध मांजराला लावलं तर त्यानेच आकडी येते.

पावसात घाट बंद पडतो आणि फेनोबार्बिटल चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मृगाआधीच डॉक्टरांकडून महिन्याची चिठ्ठी घ्या आणि गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आमच्याकडे दमट हवेत त्या मऊ पडतात.