मोटारीचा वेग कमी करा, सर्किट न तापवता

सोलापूरच्या पूर्व भागात ओळखीच्या एका घरी सुताच्या कांड्या भरायला मी 12 व्होल्टची छोटी मोटार बसवून दिली होती. वेगासाठी 2एन3055 ट्रान्झिस्टर आणि एक पोटेन्शिओमीटर (वेग ठरवायची फिरती घुंडी). मे महिन्यात सोलापूरचा पारा 42 वर गेला आणि ट्रान्झिस्टरला बोट टेकवेना. मोठा हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारा धातूचा तुकडा) लावूनही भागलं नाही, कारण चूक पद्धतीतच होती.

हिशोब बघा. मोटारीला 6 व्होल्ट द्यायचे तर उरलेले 6 ट्रान्झिस्टर अंगावर घेतो. करंट 2 अँपिअर असला की 12 वॅटची नुसती उष्णता. म्हणजे जेवढी वीज मोटारीला, तेवढीच वाया!

त्यापेक्षा वीज भराभर चालू-बंद करा. चालू राहण्याचा वेळ कमी-जास्त केला की वेग बदलतो. हेच पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन). हे चालू-बंद करतो मॉसफेट, म्हणजे गेट या पायावरच्या व्होल्टेजने चालणारा ट्रान्झिस्टर. मॉसफेट पूर्ण चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज जेमतेम पडतं, बंद असताना करंट नसतो. मॉसफेट तापतो तो अर्धवट उघडा राहिला की.

म्हणून मॉसफेट नीट निवडा. ही चालू-बंदची खूण देणाऱ्या आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डच्या पिनवर 5 व्होल्ट मिळतात. आयआरएफझेड44एन पूर्ण उघडायला 10 लागतात. दुकानात नावात ‘एल’ असलेला आयआरएलझेड44एनच मागा. 5 व्होल्टला त्याचा रोध सुमारे 0.025 ओहम, म्हणजे 2 अँपिअरला फक्त 0.1 वॅट.

मॉसफेटला गेट, ड्रेन आणि सोर्स असे तीन पाय असतात. जोडणी अशी: मोटारीची एक तार अधिक 12 ला, दुसरी ड्रेनला, सोर्स ग्राउंडला. आर्डुइनोचं ग्राउंडही तिथंच. पिन आणि गेटमध्ये 100 ओहम, गेट ते सोर्स 10 किलोओहम. हे दोन रेझिस्टर अदलाबदल करू नका; तसं केलं तर गेटला जेमतेम 0.05 व्होल्ट मिळतात आणि मॉसफेट उघडतच नाही.

मॉसफेट बंद होताना मोटारीतल्या करंटला वाट मिळावी म्हणून मोटारीला समांतर 1एन5822 हा झटपट बंद होणारा शॉटकी डायोड लावा, पट्टीची बाजू अधिककडे. बहुतेकांच्या डब्यात 1एन4007 असतो, पण तो बंद व्हायला वेळ घेतो आणि तेवढा वेळ मॉसफेटवर जादा करंट येतो.

पिन 9 ची मूळ 490 हर्ट्झ वारंवारता पुरते. मोटार थोडी गुणगुणते, ते मी चालवून घेतो. 20 किलोहर्ट्झला आवाज जातो, पण चालू-बंद होण्यातली उष्णता वाढते. मग गेट झटपट भरणारी चिप, म्हणजे गेट ड्रायव्हर लावावा.

हीटसिंक काढण्याआधी गणित करा. या आकाराचा मॉसफेट हीटसिंकशिवाय ठेवला तर दर वॅटला साधारण 62 अंशांनी तापतो. 1 वॅट असेल तर आपल्या मे महिन्यात आतलं तापमान 104. 0.1 वॅटला जेमतेम 6 अंशांची भर. तरीही हाताला गरम लागला, तर चालू मोटारीवर गेट-सोर्समधलं व्होल्टेज पूर्ण वेगाला मोजा. 5 च्या बरंच खाली असेल तर दोष तिथंच आहे.