जर्मनीतल्या नाताळात घरात काय हवं, ते आधीच आणून ठेवा

सबॅटिकलचं, म्हणजे नोकरीतून घेतलेल्या लांब रजेचं, वर्ष मुलाबाळांसह जर्मनीत काढत असाल, तर नाताळचा किराणा २३ डिसेंबरलाच भरा. २४ तारखेला दुपारी २ नंतर दुकानं कायद्यानेच बंद होतात आणि २५, २६ या दोन्ही दिवशी सुट्टी असते. २०२६ मध्ये तर लगेच २७ तारखेला रविवार येतोय, म्हणजे साडेतीन दिवस शटर खाली! अगदीच अडलं, तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं किंवा पेट्रोल पंप गाठा. दूध-भाजीचं कसंही निभावतं, पण मुलांचं तापाचं औषध मात्र आधीच घरात हवं. तरी वेळ आलीच, तर रात्रपाळीला कोणतं औषधांचं दुकान उघडं आहे ते प्रत्येक औषध दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. डॉक्टरांसाठी ११६११७ ला फोन करा, जिवावर बेतलं तर ११२ ला.

नाताळबाजार २५ तारखेसाठी राखून ठेवू नका, बरेचसे २४ च्या आतच आवरतात. ५ डिसेंबरच्या रात्री मुलांना बूट पुसून दाराशी ठेवायला सांगा. सकाळी त्यात संत निकोलसचा खाऊ सापडतो. तो आनंद चुकवू नका.