अमेरिकेचे जुने तांब्याचे सेंट घेताय? चिंच लांब ठेवा

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १७९३ ते १८५७ या काळात मोठे सेंट आणि अर्धे सेंट पाडले, तेही निव्वळ तांब्याचे. नवखे इथेच फसतात, कारण त्यांना चकाकी हवी असते. दोनशे वर्षांचं तांबं लालभडक राहत नाही. १८१६ ते १८२० चे काही सेंट मूळ लालीसकट मिळतात, कारण त्यांचा साठा बराच काळ हात न लागता पडून होता. ते सोडले तर चांगलं नाणं चॉकलेटी, गुळगुळीत आणि मंद तकाकीचं असतं.

न्यू जर्सीतल्या ओळखीच्या एका मराठी मुलाने १८०२ चा सेंट घेतला होता. रंग इतका सुंदर की मलाच हेवा वाटला. पुढच्या भेटीत म्हणतो, "काका, बघा, कसं उजळलंय!" घरी देवाचं ताम्हन घासतात तसं पठ्ठ्याने चिंच-मीठ लावून घासलं होतं. नाणं गुलाबी झालं होतं आणि त्यावर बारीक ओरखडेच ओरखडे. मग कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने गंधकाची पूड फासून ते पुन्हा काळं केलं. आता नाण्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, केसांत निळसर काळं आणि गालावर नारिंगी. ते बघून विक्रेत्याने सांगितलेली किंमत त्याहून झिजलेल्या, पण कुणी हात न लावलेल्या सेंटपेक्षा कमी होती. हे दुरुस्त होत नाही. झटपट उपाय सांगणाऱ्यांना एकदा ते नाणं दाखवायला हवं.

मी स्वतः एवढंच करतो: नाणं रात्रभर झायलॉलमध्ये (तेलकट मळ विरघळवणारं रसायन), खिडक्या उघड्या ठेवून, मग उंटाच्या केसांच्या मऊ ब्रशने हलकेच फिरवणं. हिरवा कळंक धरला असेल तर भिंगाखाली गुलाबाच्या काट्याने, हळूहळू. ज्यांना इतका दम नाही त्यांनी चांदीची नाणी जमवावीत.

दुसरा सापळा 'स्वस्तातला १७९९'. हा दुर्मिळ सेंट, म्हणून १७९८ चा शेवटचा आठ कोरून नऊ करतात. वजनकाटा इथे कामाचा नाही, नाणं अस्सलच असतं आणि दोन्ही वर्षांचं ठरलेलं वजन १०.८९ ग्रॅमच. शेवटच्या आकड्याभोवतीचा भाग दहापटीच्या भिंगाने बघा, मग अस्सल १७९९ च्या साच्यांच्या फोटोंशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. १८०४ च्या सेंटची पारख त्या मानाने सोपी: तारखेतलं शून्य आणि मागच्या बाजूच्या 'युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका' यातल्या 'ऑफ'मधला 'ओ' पाठीला पाठ लावून यायला हवेत. नसतील तर नाणं परत द्या.

दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या नाणं प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतात; त्या डबीवरचा दर्जाचा आकडा वाचून पैसे मोजू नका. जुन्या तांब्याचे मुरलेले संग्राहक त्याच नाण्याला बरेचदा त्याहून कमी दर्जा देतात.

पीव्हीसीची (मऊ प्लास्टिकची) पाकिटं नाण्याला खराब करतात, ती आजच फेका. नाणं कायम काठाला धरा. आणि नाण्यावर वाकून बोलू नका, थुंकीचा थेंब तांब्यावर काळा डाग सोडतो.